कर्ज मिळू नये म्हणून

आमच्याकडे "काय करता?" या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात यावं लागतं. शेती, मास्तरकी, दुकान, एसटी. माझं उत्तर एका शब्दात कधी आलंच नाही. "बँकांच्या मागे असते" असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला वाटायचं, ही बाई एखाद्या बँकेच्या मागच्या गल्लीत राहते. एका लग्नात माझ्या नणंदेनं पाहुण्यांशी ओळख करून दिली, "ह्या आमच्या वहिनी. बँकवाल्यांशी भांडायचा पगार घेतात." ती टोमणा मारत होती हे कळलं, पण कामाची इतकी नेमकी व्याख्या मलाही कधी जमली नव्हती. पुढे मी तीच सांगू लागले.

संपादकांनी "तुमच्या लढ्याविषयी लिहा" असं कळवलंय. लढा हा शब्द मला ढगळ होतो. आमच्या कामात लढण्यापेक्षा बसणं जास्त. बँकेच्या स्वागतकक्षातल्या मऊ सोफ्यावर बसायचं, साहेब मीटिंगमध्ये आहेत असं ऐकायचं, पुढच्या महिन्यात पुन्हा येऊन त्याच सोफ्यावर बसायचं. या कामाआधी मी शहाद्यात एका बँकेच्या कर्जखात्यात होते. ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटार, केळीची रोपं, सगळ्यांना कर्ज दिलं. म्हणजे नोकरीतली अर्धी वर्षं कर्ज देण्यात गेली आणि उरलेली अर्धी कर्ज मिळू नये म्हणून. मधे काय झालं असं लोक विचारतात. काही झालं नाही. नंदुरबारच्या एका छोट्या संस्थेला बँकेची भाषा कळणारं माणूस हवं होतं आणि मला साहेबाची कटकट नको होती.

हे काम नेमकं काय ते सांगते. कोळशाचा वीजप्रकल्प काढणारी कंपनी स्वतःच्या खिशातलं थोडंच घालते. बाकीचं बँका देतात, आणि तेही चार-सहा बँका मिळून. त्यांत एक पुढारी असते. ती सगळं तपासते आणि तिनं मान हलवली की बाकीच्या हलवतात. पंगतीतून मामा उठला की वऱ्हाड उठतं, तसंच हे. म्हणून आमचं सारं लक्ष त्या मामावर. कंपनीच्या फाटकाशी घोषणा दिल्या तर कंपनीला राग येतो आणि ती पोलीस बोलावते. बँकेला एक सभ्य प्रश्न विचारला तर तिला घाम फुटतो, कारण पैसा बुडण्याची भीती तिच्या हाडात मुरलेली असते. मोर्चे काढणारे वेगळे लोक होते, ते लागतातच, त्यांच्याशिवाय माझा प्रश्न कुणी ऐकला नसता. पण मी मोर्चात निरुपयोगी. माझं डोकं लवकर तापतं आणि पाय लवकर दुखतात.

म्हसावदच्या पुढे, तोरणमाळची चढण लागायच्या आधी, जमीन हळूहळू दगडाळ होत जाते. तिथं सपाटीवर प्रकल्प उभा राहणार होता. पाणी तापीवरून आणायचं, कोळसा रेल्वेनं आणि ट्रकनं. उरली राख. चुलीतली राख सूपभर असते, भांडी घासायला संपते. अशा प्रकल्पाची राख पाण्यात कालवून मोठ्या तलावात सोडावी लागते, आणि तो तलाव कंपनीनं वरच्या अंगाच्या एका खोऱ्यात आखला होता. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ती पडीक जमीन. त्या पडीक जमिनीवर पावरा समाजाचं एक गाव होतं, चार पाड्यांचं. ज्वारी होती, तूर होती, गुरं चरायची, मोहाची झाडं होती, नाला होता. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांना पाहुण्यांचा पुरेसा त्रास झाला आहे.

आदिवासी भागात असा प्रकल्प आणायचा तर गावानं ग्रामसभेत बसून हो म्हणावं लागतं. कंपनी सांगत होती की गावानं हो म्हटलेलं आहे. एकमतानं, अर्ध्या तासात.

माझ्या माहेरी मात्र प्रकल्पाचं स्वागतच होतं. माहेर म्हसावदजवळ. धाकटा भाऊ नाना तिथली शेती बघतो, आणि त्याचा एक तुकडा नेमका नियोजित रस्त्याला लागून. मी या कामात आहे म्हटल्यावर तो कपाळाला हात लावून बसला.

"ताई, तू कसाले मझार पडस?" तो आमच्या अहिराणीत म्हणाला, कशाला मधे पडतेस म्हणून. "आमना गावना पोरे सुरतले जाई ऱ्हायनात, तठे मीलमा राबतस. त्यासले आठेच नोकरी भेटनी ते तुन्हं काय जास?"

"नाना, तो राखेचा तलाव आपल्या वावरात आखला असता तर?"

"आपला वावरमा कोन येऊ दी?" तो ताडकन म्हणाला.

त्यालाही आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं, कारण तो उठून गुरांकडे गेला. पोरांच्या नोकरीचा त्याचा प्रश्न मात्र खोटा नव्हता, आणि त्याचं धड उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही.

पुढारी बँक कोणती, हे शोधायला आम्हाला फार कष्ट पडले नाहीत. कंपन्यांना मोठ्या बँकेचं नाव मिरवायची हौस असते. पत्रं लिहिली. पहिलं पत्र मी रागानं लिहिलं होतं, ते संस्थेतल्या सहकाऱ्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं. दुसरं सभ्य होतं. "आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे" असं उत्तर आलं. आमच्या धंद्यात याचा अर्थ, पत्र खड्ड्यात गेलं.

मग जुनी युक्ती काढली. त्या बँकेचा एकच शेअर विकत घ्यायचा. एक असो की लाख, शेअर असलेला माणूस बँकेचा मालक ठरतो आणि वार्षिक सभेत प्रश्न विचारू शकतो. पूर्वी त्यासाठी मुंबईला जावं लागे. आता सभा फोनवर होते, आपलं नाव पुकारलं की बोलायचं. सभा नेमकी राखीच्या सुमारास आली, मी माहेरी होते, आणि नानाच्या घरात रेंज फक्त गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ येते. तेव्हा बँकेची एक मालकीण साडी खोचून टाकीला टेकून बसली होती, असं चित्र डोळ्यांपुढे आणा.

माझ्या आधी एक वयस्कर भागधारक बोलले. त्यांनी अध्यक्षांची आरतीच ओवाळली, आणि शेवटी विचारलं की सभा फोनवर झाल्यापासून बटाटावडा आणि मिठाईचा डबा बंद झाला, त्याबद्दल संचालक मंडळाचं धोरण काय. अध्यक्षांनी त्यांना फार आपुलकीनं उत्तर दिलं. मग माझं नाव आलं, अर्थात चुकीचं उच्चारून. मी पाठ केलेलं भाषण विसरले आणि सरळ विचारलं, "आदिवासी गावाची संमती असल्याशिवाय पैसा देणार नाही, असं आपल्या बँकेचं धोरण आहे. या गावाची संमती आहे असं कंपनी म्हणते. आपल्या बँकेचा एक तरी माणूस त्या गावात जाऊन आला आहे का? हो की नाही, एवढंच सांगा."

तेवढ्यात खालून नानाचा खणखणीत आवाज आला, "ताई, टाकी भरी गई, नळ बंद कर!"

तो आवाज देशभरातल्या भागधारकांनी ऐकला. अध्यक्षांना हसू आवरलं नाही. हसलेल्या माणसाला लगेच तुसडेपणा करता येत नाही, त्यांनीही केला नाही. "माणूस गेला नसेल तर पाठवू," असं ते बोलून गेले. वर्षानुवर्षं सोफ्यावर बसून जे मिळालं नव्हतं, ते नानाच्या टाकीनं मिळवून दिलं. ही गोष्ट मी नानाला बरेच दिवस सांगितली नाही.

बँकेचा माणूस येणार म्हटल्यावर मी तयारीला लागले. आमच्या कामातलं हे मुख्य कसब, माणसं तयार करणं. गावातले दोघे निवडले, सरपंच आणि शाळेतले पावरा गुरुजी. गुरुजी त्याच गावचे, मराठी चांगलं. त्यांना मुद्दे दिले, पाणी, जंगलहक्क, संमती. बँकेच्या साहेबापुढे कोणता शब्द वापरायचा, कोणता टाळायचा, तेही सांगितलं. दोघांनी चांगलं पाठ केलं. मग गावाचे कारभारी जोमाबाबा यांना विचारलं की साहेबांना कधी आणू. मी दिवस सांगितला. खालच्या सपाटीवरची आमची दिवाळी होऊन गेल्यानंतरचा तो दिवस होता. जोमाबाबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "त्या दिवशी घेऊन या. आम्ही सगळे बसणारच आहोत." (ते पावरी बोलतात. गावातल्या लोकांचं बोलणं मी इथं मराठीत लिहिते आहे.)

सगळे बसणार म्हटल्यावर मला कोण आनंद झाला. सगळे कशासाठी बसणार आहेत, हे विचारायचं काही सुचलं नाही.

बँकेकडून आले ते देशमाने. जोखीम बघणाऱ्या विभागातले, चाळिशीच्या आतबाहेर, मूळचे सोलापूरकडचे. नंदुरबार स्टेशनवर उतरल्या उतरल्या म्हणाले, "मॅडम, एक स्पष्ट सांगतो. मी कुणाच्या बाजूनं आलेलो नाही." हे वाक्य मी बँकवाल्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्याची मला ॲलर्जी आहे. पण त्यांनी वाटेत कंपनीच्या गेस्ट हाउसवर जेवायला नकार दिला, म्हणून मी जरा नमले.

मोहाच्या झाडाखाली लोक जमत होते. चारही पाड्यांतून, सावकाश, बाया-बापे, म्हातारे. देशमान्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मी गुरुजींना डोळ्यांनी खूण केली, करा सुरू. गुरुजी उठणार तोच जोमाबाबांनी हात वर केला.

"आधी दिवाळीचं," ते म्हणाले.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. आपली दिवाळी पंचांग ठरवतं. डोंगरातल्या गावांची दिवाळी ते ते गाव स्वतः ठरवतं. एका गावाची आज, शेजारच्या गावाची आणखी काही दिवसांनी, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता येतं, नाचता येतं, ढोल फिरवता येतात. हे महिना-दोन महिने चालतं. गावदिवाळी म्हणतात. मला हे ठाऊक होतं, आम्हा खालच्या लोकांना ठाऊक असतंच, आणि तरी त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. गाव त्याच कामाला बसलं होतं. साहेब हा जादाचा पाहुणा होता.

झालं. कुणाची ज्वारी अजून उभी होती. कुणाच्या सोयऱ्यांच्या गावाची दिवाळी त्याच दिवसांत येत होती. खालच्या पाड्यातल्या एकाचा बैल आजारी, दिवाळीला बैल रंगवायचे तर तो उभा तरी राहायला हवा. प्रत्येकाचं ऐकलं जात होतं. कुणी मधे तोडत नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं. ऊन सरकलं तशी माणसं सावलीबरोबर सरकत होती. माझा मात्र संताप संताप. मुंबईहून माणूस आणलाय, तो संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार, आणि यांचं बैलपुराण! मी गुरुजींच्या कानाशी लागले, "अहो, साहेबांचं आधी उरका की." गुरुजी नम्रपणे म्हणाले, "ताई, बैठक चालू आहे."

देशमाने गप्प ऐकत होते. गुरुजी त्यांना हळू आवाजात मराठीत सांगत होते. एकदाचा दिवस ठरत आला. जोमाबाबांनी सगळ्यांकडे पाहिलं. आणि कडेला बसलेली एक बाई बोलली. आवाज अगदी साधा.

"त्या दिवशी नको."

ती खेमलीबाई. नवरा आधीच गेलेला. मोठा मुलगा सुरतेकडे बांधकामावर गेला होता, तो त्याच पावसाळ्यात तिथं वारला. गावात मेलेल्या माणसाच्या नावाचा दगड उभा करतात, त्यावर घोड्यावर बसलेला माणूस कोरतात, सोयरे बोलावतात. तिच्या मुलाचा दगड अजून उभा राहिला नव्हता. "पोराचा दगड उभा राहिल्याशिवाय माझ्या दारावरून ढोल कसा जाईल?" ती म्हणाली.

कुणी वाद घातला नाही. सकाळपासून जे जे ठरलं होतं ते सगळ्यांनी तिथंच सोडून दिलं. देशमाने गुरुजींकडे वळले.

"एका बाईसाठी सगळं रद्द?"

"एका घरासाठी, सर," गुरुजी म्हणाले. "एक घर अंधारात ठेवून गावाची दिवाळी होत नाही."

मग देशमान्यांनी जोमाबाबांना विचारलं, "आणि कंपनीचं कसं ठरवलं होतं तुम्ही? तेव्हाही असेच सगळे बसला होता?"

"ते आम्ही ठरवलंच नाही," जोमाबाबा म्हणाले. "अर्धं गाव तेव्हा ऊसतोडीला गेलं होतं. उरलेल्यांतल्या काहींना खाली एका हॉलमध्ये बोलावलं होतं. जेवण चांगलं होतं म्हणतात."

लोक हसले. देशमाने हसले नाहीत. मला वाटलं, हीच वेळ, आता सरपंचांनी उठावं आणि मुद्दे मांडावेत. सरपंच जमिनीकडे बघत बसले होते. ज्या बाईचा मुलगा गेलाय ती बोलत असताना मधे पाणी आणि जंगलहक्क काढायला त्यांना लाज वाटली, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

खेमलीबाई मात्र थांबली नव्हती. ती देशमान्यांकडे वळून बोलू लागली. गुरुजी सांगत गेले.

"दगड कुठं उभा करू, ते तू सांग. नाल्याच्या वरच्या अंगाला याच्या बापाचा दगड आहे. त्याच्या शेजारी जागा ठेवलीय. तिथं राख येणार आहे, असं सगळे म्हणतात. तू पैसेवाल्यांचा माणूस आहेस, तुला माहीत असेल. येणार असेल तर आत्ता सांग, मी दुसरीकडे बघते. एकदा उभा केलेला दगड आम्ही हलवत नाही."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. रस्ता विचारावा तसं ती विचारत होती. मी आयुष्यभर बँकवाल्यांना प्रश्न विचारले, पण असा प्रश्न मला कधी सुचला नाही.

देशमान्यांना ती जागा नकाशात कुठं येते हे ठाऊक होतं. मलाही होतं. ते म्हणू शकले असते, "अभ्यास चालू आहे." ते म्हणाले, "आज तरी नकाशात तिथं तलाव आहे."

गुरुजी क्षणभर अडखळले, मग त्यांनी ते पावरीत सांगितलं. खेमलीबाईनं मान हलवली.

"मग थांबते," ती म्हणाली. "नक्की कळलं की दगड उभा करीन."

ती थांबणार म्हणजे दिवाळी थांबणार. जोमाबाबांनी डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं आणि बैठक संपली. आम्हाला ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ आणि झणझणीत चटणी वाढली. देशमान्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते चटणीचं असं आम्ही दोघांनीही ठरवून टाकलं.

परतीच्या वाटेवर मी धुमसत होते. सगळं मुसळ केरात, असंच मला वाटत होतं. एकही मुद्दा मांडला गेला नव्हता. स्टेशनवर देशमान्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही तयार केलेली माणसं कोणती होती?"

"जी गप्प बसली ती," मी म्हणाले.

ते पहिल्यांदाच मनापासून हसले. गाडी आली तेव्हा म्हणाले, "एका बाईच्या शब्दाखातर जे गाव दिवाळी पुढे ढकलतं, त्या गावानं खोरं अर्ध्या तासात दिलं, असं मी लिहिणार कसं?" तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला.

पण देशमाने म्हणजे बँक नव्हे. त्यांच्यावर एक साहेब, त्या साहेबावर समिती, समितीवर आणखी एक समिती. मी फोन करायचे, "त्या गावाची दिवाळी अडून आहे." ते म्हणायचे, "मॅडम, विषय समितीपुढे आहे." पुढचा आठवडा, तेच. बँकेत समिती म्हणजे झाकणाखाली ठेवलेला भात, शिजला का ते कुणी उघडून सांगत नाही. त्या दिवसांत मी रागावलेली होते, आणि त्याहून जास्त घाबरलेली. नेहमी आमच्या कामात नुकसान पुढे कधीतरी होणार असतं, कागदावर असतं. इथं ते रोज होत होतं. शेजारच्या गावांच्या दिवाळ्या सुरू झाल्या होत्या. दरीपलीकडून ढोल ऐकू यायचे आणि या गावातली पोरं बांधावर उभी राहून ऐकायची. जोमाबाबांना मी एकदा म्हणाले, "लोक खेमलीबाईवर चिडत नाहीत का?" ते म्हणाले, "चिडतात की. पण पोर तिचं गेलंय."

विचित्र गोष्ट म्हणजे नाना. त्याला हे सगळं मी कधीतरी जेवताना सांगितलं होतं. तो नुसता जेवत राहिला होता. पण त्यानंतर फोन केला की केळीचा भाव, आईचं औषध, आणि मग घसा खाकरून विचारायचा, "त्यासनी दिवाळी व्हयनी का वं?"

"नाही रे अजून."

"तुन्हा बँकवाला झोपी ग्यात का काय?" संक्रांत आली तेव्हा तो चिडून म्हणाला. "प्रकल्पनं ऱ्हाऊ दे बाजूले. पन लोकेसनी दिवाळी कसाले अडकाई ठेवी त्यासनी?"

प्रकल्प व्हावा असंच त्याला तेव्हाही वाटत होतं. तरी तो विचारत राहिला, याचं मला फार बरं वाटलं.

संक्रांत उलटल्यावर उत्तर आलं. बँकेच्या भाषेत, कोरडं, एका ओळीचं, "सदर प्रकल्पाच्या वित्तपुरवठ्यात सहभागी न होण्याचा निर्णय घेण्यात आला आहे." मामा पंगतीतून उठला. पाठोपाठ बाकीच्या बँकांनाही आपापल्या चपला सापडल्या. संस्थेत पेढे आणले. मी दोन खाल्ले आणि एक ओळ पुन्हा पुन्हा वाचली. शहाद्याच्या बँकेत असताना कर्ज नाकारल्याची पत्रंही मी लोकांच्या हातात दिली होती आणि त्यांचे चेहरे पडताना पाहिले होते. नाकारल्याचा आनंद असा पहिल्यांदाच झाला.

देशमान्यांची पुढे दुसऱ्या विभागात बदली झाली. त्यामागे हेच कारण होतं का, मला ठाऊक नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बँकेत बदली होतच असते."

आता चार बोल खेदाचेही लिहायला हवेत, नाहीतर पेढ्यावर लेख संपायचा. कंपनी बंद पडली नाही. तिचा प्रस्ताव मेला नाही, नुसता निजला. दुसरं कुठलं खोरं बघताहेत असं कानावर येतं, आणि ते खोरंही कुणाचं तरी असणारच. आमच्या गावची पोरं अजून सुरतेला जातात. खेमलीबाईचा मुलगाही रोजगारासाठीच तिकडे गेला होता. राख नको, हे सांगायला मी शिकले. मग काय हवं, हे बँकेला पटेल अशा भाषेत सांगायला मला कधी जमलं नाही. हे काम तरुण लोक करताहेत, त्यांना ते जमो.

दगडाच्या दिवशी मी वर गेले. गावाची दिवाळी त्यानंतर लगेच ठरली होती. नाल्याच्या वरच्या अंगाला लोक जमले होते, सोयरे आले होते, ढोलवाले कडेला बसून ढोल तापवत होते. गवतावर नवा दगड आडवा ठेवलेला, त्यावर रंगवलेला घोडेस्वार. शेजारी बापाचा जुना दगड, रंग उडालेला. खड्डा खणून झाला होता आणि खणणारे दोघे पहारी टाकून घाम पुसत होते. खेमलीबाई माझ्याजवळ आली. बँकेनं नाही म्हटलं, हे तिला गुरुजींनी आधीच सांगितलं होतं. तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"आता इथं राख येणार नाही?" तिनं विचारलं. "कधीच?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हणणं फार सोपं होतं, आणि त्या क्षणी मला हो म्हणावंसं फार वाटलं. दगड तयार, ढोल तयार, किती दिवस थांबलेलं गाव. पण अर्धवट खरं सांगणाऱ्यांशी भांडण्यातच माझी हयात गेली होती, आणि ते मला त्या बाईपुढे करवेना.

"ही बँक पैसे देणार नाही," मी म्हणाले. "उद्या दुसरं कुणी देईल की नाही, ते मला माहीत नाही. कुणी देऊ लागलं तर आम्ही पुन्हा अडवू. एवढंच सांगू शकते."

गुरुजींनी ते पावरीत सांगितलं. ढोलवाल्यांचे हात थांबले. मला वाटलं, आपण या बाईचा दिवस नासवला.

खेमलीबाईनं दगडाकडे पाहिलं, मग खड्ड्यात डोकावून पाहिलं. मग खणणाऱ्या त्या दोघांकडे वळली.

"अजून खोल खणा," ती म्हणाली.

दोघांनी पहारी उचलल्या.